‘लाल हातमोजा’ची पाच भोकं

१

तुम्ही चोर शोधला नाही, अध्यक्षसाहेब. तुम्ही सोपा माणूस शोधला.

तुमचं नाव लिहीत नाही. लातुरातल्या कुठल्या वाचनालयाचे अध्यक्ष, तेही लिहीत नाही. तुम्हाला कळेल, तेवढं पुरे. तुमच्या वाचनालयाच्या दारात डाव्या हाताला एक नोटीस लावलेली आहे. पावसाचं पाणी लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये पक्की केलेली. तिच्यात असं आहे: ‘नांदेड येथील बाइंडर गुलाम रसूल यांनी दुरुस्तीसाठी दिलेला दुर्मीळ अंक ठेवून घेतला व त्याची रंगीत झेरॉक्स परत केली. महिनाअखेर मूळ अंक जमा न केल्यास पोलिसात तक्रार करण्यात येईल. इतर वाचनालयांनी सावध राहावे.’

नोटिशीच्या प्रती तुम्ही पाठवल्या, आणि इतर वाचनालयं सावध राहिली. कंधारचं काम गेलं, मुखेडचं गेलं, धर्माबादच्या शाळेनं अर्धे शिवलेले नकाशे तसेच परत नेले. त्याचं गुलाम रसूल चाचांना फार काही वाटलं नाही. पण गेल्या शुक्रवारी मशिदीतून दोघं आले आणि दुरुस्तीला दिलेले कुराणाचे जुने सिपारे मागून घेऊन गेले. कापडात गुंडाळून नेले. त्या दिवसापासून चाचांनी दुकानाचं अर्धंच शटर उघडायला सुरुवात केली. चव्वेचाळीस वर्षं ज्याच्या हाती लोक आपले फाटके धर्मग्रंथ देत आले, त्याचं नाव तुम्ही दारात टांगलंत.

मी महादेवी. मूळची देगलूरची. नांदेडला तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, चाचांच्या दुकानाला भिंत लागून. अठ्ठावीस वर्षं झेरॉक्स काढून राहिले. कुणाची झेरॉक्स बघितली की मशीन कसलं, काच पुसलेली होती का, कागद सरळ ठेवला का घाईत, हे मला दिसतं. यात हुशारी काही नाही. भाजीवाल्याला भेंडी कळते तसं आहे.

तुमची मोठी चूक ही, की सभेत सगळ्यांसमोर तुम्ही ती झेरॉक्स आणि तिचं पाकीट चाचांच्या अंगावर फेकलंत. “घ्या तुमचा माल!” म्हणालात.

त्यांनी उचलला. कागद जमिनीवर पडलेला त्यांना बघवत नाही.

२

आधी अंकाबद्दल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते.

‘लाल हातमोजा’ हे पन्नासेक वर्षांपूर्वीचं गुन्ह्याचं चित्रपुस्तक. नांदेडच्या एका छापखान्यात निघालेलं, मराठीत, लाल आणि काळ्या दोनच शाईत. कव्हर धरून सोळा पानं. पोरांनी भाड्यानं नेऊन नेऊन चिंध्या केलेलं. मागचं कव्हर फाटून गेलेलं, आणि खुनी कोण ते नेमकं त्याच कव्हरच्या आतल्या बाजूला छापलेलं होतं. म्हणजे उरली पंधरा पानं, आणि खुनी कोण ते आज कुणालाच माहीत नाही. दुसरी प्रत कुठं मिळालेली नाही. तरीही जुन्या कागदांचे जाणकार हरिओम बिरादार यांनी तुम्हाला सांगितलं, की ही वस्तू मोलाची आहे. आधी नीट करून घ्या, मग किंमत लिहून देतो. म्हणून ती चाचांकडं आली.

चाचांनी बारा दिवस काम केलं. मी रोज बघत होते. गंजलेल्या दोन पिना कुरतडून काढल्या. पाव कुस्करून त्याच्या चुऱ्यानं मळ उचलला. फाटल्या जागी पतंगाच्या कागदाचे तुकडे लावले, इतके पातळ की बोटाला लागत नाहीत. मग घडीवर पाच भोकं पाडून सुती दोऱ्यानं शिवलं.

“पाच कशाला चाचा? पिना तर दोन होत्या.”

“दोन जागी धरलं की तिथंच फाटतंय बेटी. पाच जागी धरलं की कुणावरच भार येत न्हाई.”

पाकिटात घालून, तोंडावर कागदाची पट्टी चिकटवून, त्यांनी वर उर्दूत सही केली. तुमचा शिपाई व्यंकट सोमवारी येऊन घेऊन गेला. शनिवारी तुमच्या सभेत, चाचांनाही बोलावलं होतं, पाकीट उघडलं तर आत रंगीत झेरॉक्स. चहात बुडवून वाळवलेल्या कागदावर. हरिओम बिरादारांनी हातात घेतल्या घेतल्या सांगितलं, ही नक्कल आहे. आणि तुम्ही चाचांकडं बोट केलंत.

त्यांनी ते सगळं जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधून ठेवलं होतं. माझ्यासमोर गाठ सोडली.

“चाचा, सही तुमचीच?”

“सही माझी. पट्टी माझी. खळ माझी न्हाई.”

“म्हणजे?”

“माझ्या खळीत मोरचूद असतंय. कसर लागू नये म्हणून. वाळली की निळसर पडती. बघ.”

मी पट्टीचं टोक उचललं. खाली निळसर थर होता, कोरडा. त्याच्यावर पांढऱ्या डिंकाचा दुसरा थर. कुणीतरी वाफेवर पट्टी सोडवली होती आणि परत चिकटवली होती.

“हे सभेत सांगितलं का न्हाई?”

“सांगितलं. साहेब हसले. म्हणले, खळीवर केस चालत न्हाई.”

मग मी झेरॉक्सची पानं एकेक करून उजेडात धरली. तिसऱ्या पानाला माझा हात थांबला. पानाच्या आतल्या कडेला, ओळीनं, पाच काळे ठिपके होते.

३

पाच ठिपके म्हणजे पाच भोकं. झेरॉक्समध्ये ती आली, याचा अर्थ चाचांनी शिवल्यानंतर ही नक्कल निघाली. एवढ्यानं चाचा सुटत नाहीत, हे मलाही कळतं. त्यांनी शिवून मग झेरॉक्स काढली, असं तुम्ही म्हणाल.

पण शिवलेल्या पुस्तकाची झेरॉक्स काढली की घडीजवळ काळी सावली पडते. पान काचेला टेकत नाही, म्हणून. माझ्या दुकानात रोज पोरं भांडतात त्यावरून, “काकू, मधली ओळ आली न्हाई.” इथं सावली नव्हती. भोकं काठासकट स्वच्छ. म्हणजे झेरॉक्सच्या वेळी दोरा काढलेला होता, आणि घडीवर पानं कापून सुटी केलेली होती. कात्रीनं. कड थोडी वाकडी गेलेली दिसत होती.

मी चाचांना ती कड दाखवली. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “जो इकणार हाय त्यो कापणार न्हाई. जो वाचणार हाय त्यो पण कापणार न्हाई. मग कापलं कुणी?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटी धरली. लोहा, अहमदपूर करत लातूर.

व्यंकट मला स्टँडवरच भेटला. पन्नाशीचा माणूस, बावीस वर्षं तुमच्याकडं शिपाई. मला आधी टाळायला बघितलं. मग चहा सांगितला.

“अक्का, मी पाकीट मांडीवर घेऊन आलो. पिशवीत पण ठिवलं न्हाई. लोह्याला एक म्हातारी चढली, म्हणली, लेकरू झोपलंय का, जरा सरकून घ्या.”

“मधे कुठं उतरला?”

“अहमदपूरला. लघवीला. पाकीट काखेत.”

“तशीच केली?”

“तशीच केली. एका हातानं. अक्का, आता लिहिणार का हे?”

लिहिते आहे.

“आल्यावर कुणाकडं दिलं?”

“रेणुकाबाईकडं. माझ्यासमोर कपाटात ठिवलं, कुलूप लावलं. मी सही घेतली.” त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. सोमवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. “मला वाटलंच होतं कुणीतरी विचारील. शिपायाला कायम विचारत्यात.”

“पट्टी कशी होती तवा?”

“निळी. मी म्हणलं पण बाईला, ह्याला बुरशी लागली का काय.”

म्हणजे सोमवारी दुपारी चारपर्यंत पट्टी निळसर होती. शनिवारी सभेत पांढरी. पाकीट उघडलं गेलं ते तुमच्या कपाटात आल्यावर.

४

रेणुकाबाई तुमच्या ग्रंथपाल. अकरा महिन्यांच्या करारावर, दर वर्षी नवा. मी गेले तेव्हा त्या पुस्तकांवर नंबर टाकत होत्या. मी नाव सांगितलं तसं पेनचं टोपण लावलं.

“ताई, मी काही बोलू शकत न्हाई.”

“बोलू नका. कपाटाची चावी एकच हाय का?”

“एकच.”

“तुमच्याकडं असते?”

“मंगळवार ते शुक्रवार मी नव्हते. मुखेडला पुतणीचं लग्न होतं.”

“मग चावी कुणाकडं होती?”

वर पंखा फिरत होता. समोरच्या टेबलावर दोन म्हातारे पेपर वाचत होते, आणि दोघांचीही पानं उलटायची थांबली होती.

रेणुकाबाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. नुसती पेनानं भिंत दाखवली.

भिंतीवर वाचनालयाचे नियम होते. नववा नियम: ‘ग्रंथपाल रजेवर असताना सर्व चाव्या अध्यक्षांकडे जमा कराव्यात.’

त्या एक शब्द बोलल्या नाहीत. नियम तुम्ही लिहिला, सही तुमची, भिंतीवर तुम्हीच लावला. तेव्हा त्यांचा करार थांबवायचा विचार असेल तर भिंतीचाही थांबवा.

मी नियम वाचून झाले. पण नजर हलेना. अक्षरांवरून, वरच्या बाजूला, नखानं ओढावी तशी एक बारीक अर्धगोल सुरकुती होती. वीतभर खाली पुन्हा तशीच. मग शेजारी बघितलं. संस्थापकांचा फोटो. पंख्याच्या बटणांचा तक्ता. ‘शांतता राखा’. सगळे प्लास्टिकमध्ये. सगळ्यांवर तीच सुरकुती, तेवढ्याच अंतरावर.

मी पर्समधून दोरा काढला. पेपर वाचणाऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, “बाई, भिंतीला ब्लाउज शिवता का काय?”

“हाव आजोबा. माप घेऊन राहिले.”

दोऱ्याला दोन गाठी मारल्या. मग खाली बसून पिशवीतून झेरॉक्स काढली, आणि तोच दोरा तिच्यावर लावून बघितला.

५

तरी मी घाई केली नाही. घाई तुम्ही केली होती, त्याचं काय झालं ते समोर होतं. हरिओम बिरादारांकडं गेले. खरं सांगायचं तर पहिल्यापासून माझा संशय त्यांच्यावरच होता. मोल ज्याला कळतं त्यालाच चोरावंसं वाटेल.

चाळिशीचा माणूस. घरभर खोके. जुनी लग्नपत्रिका असो का काडीपेटीचं लेबल, सगळं वेगवेगळ्या पाकिटात. मी सरळ विचारलं, “अंक तुम्ही घेतला का?”

“घेतला असता तर सभेत नक्कल आहे म्हणून ओरडलो असतो का, मावशी? गप्प बसलो असतो. किंमत लिहून दिली असती. कुणाला कळलं असतं?”

हे खरं होतं. दुसऱ्या कुणी ती नक्कल ओळखली नसती.

“जुन्या अंकाची किंमत कशानं जाते?”

“मळानं जात नाही. डागानं जात नाही. चहाचा गोल, पोरांनी काढलेल्या मिशा, कसरीची भोकं, सगळं चालतं. ते त्याचं वय आहे. नीट शिवलेलं असलं तर उलट बरं. चाचांचं काम मी बघितलेलं आहे, पुण्यात असं कुणी करत नाही.” मग त्यांनी एक बोट वर केलं. “एक गोष्ट केली की संपलं. गरम करून प्लास्टिकमध्ये बंद केलं की. तो चिकट थर कागदात उतरतो, परत निघत नाही. मग ती वस्तू राहत नाही, नुसतं चित्र राहतं.”

“हे तुम्ही वाचनालयात सांगितलं होतं?”

“पहिल्या वेळी कुठं सुचलं? जपून ठेवा एवढंच म्हणालो होतो.” ते आठवायला लागले. “पण नंतर सांगितलं. फोनवर. त्यांनीच विचारलं, असं बंद केलं तर मोल वाढतं का. मी म्हणालो, चुकूनही करू नका, मातीमोल होईल. पुढून काही आवाजच नाही. मला वाटलं रेंज गेली.”

“कुणी विचारलं? आणि कधी?”

त्यांनी मोबाइल काढला, वर सरकवत गेले, आणि माझ्यासमोर धरला. गुरुवार. सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटं. सात मिनिटांचा फोन.

नाव तुमचं होतं.

६

आता क्रमानं सांगते. चुकलं तर सांगा.

मंगळवारी चावी तुमच्याकडं आली. तुमच्या खोलीत, खुर्चीमागं, नक्षीच्या रुमालाखाली लॅमिनेशनचं मशीन आहे; निघताना उघड्या दारातून बघितलं. अनुदानातून घेतलेलं. त्याच्या रोलरवर कसला तरी खडा बसलाय. म्हणून त्यातून निघालेल्या प्रत्येक कागदावर वीत वीत अंतरानं अर्धगोल सुरकुती येते. तुमच्या नियमांवर, संस्थापकांवर, पंख्याच्या तक्त्यावर. आणि ‘लाल हातमोजा’च्या झेरॉक्सवर, पंधराही पानांत. माझा दोरा सगळीकडं गाठीला गाठ बसतो. तुम्हीही मोजा.

तुम्ही चोरी करायला पाकीट उघडलं, असं मी म्हणत नाही. तुम्ही अंक जपायला निघाला होता, हे मला मान्य आहे. तुम्हाला वाटलं, म्हाताऱ्यानं नुसता दोरा ओढून दिलाय, आपण पक्कं करू, सभेत चकचकीत दाखवू. सही फाटू नये म्हणून पट्टी वाफेवर सोडवली. तुमच्या मशीनमधून जोडपान जात नाही. म्हणून दोरा काढला, घडीवर कात्री चालवली, आणि एकेक पान आत सोडलं.

ही चूक मला कळते. माझ्याकडंही मशीन आहे. आमच्या भागात माणसाला मोलाचा कागद हाती आला की तो आधी प्लास्टिक शोधतो. सनद, जातीचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र. मी स्वतः एका बाईचं जुनं खरेदीखत असंच बंद करून दिलं होतं. तहसीलनं ते घेतलं नाही. त्या बाईला मी तोंडावर सांगितलं, चूक माझी झाली. ती मला चार माणसांत बोल बोल बोलली. मी ऐकून घेतलं. मेले नाही.

गुरुवारी तुम्ही हरिओम बिरादारांना फोन केला, शाबासकी मिळेल म्हणून. सात मिनिटांत तुम्हाला कळलं की तुम्ही काय केलंय. त्यानंतर शनिवारपर्यंत तुमच्याकडं दोन दिवस होते. दोन दिवसांत ‘माझ्याकडून चुकलं’ असं म्हणता आलं असतं. तुम्ही झेरॉक्स काढली, ती चहात बुडवली, आणि सहीची पट्टी पांढऱ्या डिंकानं परत चिकटवली.

पण झेरॉक्स तुम्ही कशाची काढली? प्लास्टिकमध्ये बंद झालेल्या पानांची. दुसरं काही तुमच्याजवळ उरलंच नव्हतं. म्हणून त्यात पाच भोकं आली, वाकडी कात्री आली आणि तुमच्या रोलरचा खडाही आला. जे लपवायचं होतं त्याचीच तुम्ही रंगीत प्रत काढलीत, आणि ती निर्दोष माणसाच्या अंगावर फेकलीत.

चाचा लांबचे. नांदेडचे. वय एकाहत्तर. भांडायला मागं कुणी नाही. नाव गुलाम रसूल. तुम्हाला वाटलं, एवढं पुरेल. पुरलंही होतं, मशिदीतले लोकसुद्धा येऊन सिपारे घेऊन गेले.

लातूरहून परत आल्यावर मी हे सगळं चाचांना सांगितलं. मला वाटलं, शिव्या देतील. ते सुईत दोरा ओवत होते. ओवून झाल्यावर विचारलं, “पानं फेकली तर न्हाईत ना?”

“माहीत न्हाई चाचा.”

“दे म्हणावं. बघतो. मोरचुदाची खळ हाय आत, कुठंतरी कड सुटली असंल. एकेक सूत करून उचलून बघतो. निघणार न्हाई बहुतेक. पण बघायला काय जातंय.”

“आणि तुमच्या नावाचं?”

त्यांनी सुई खाली ठेवली. “ते माझ्या हातचं काम न्हाई बेटी. ते ज्यानं फाडलं त्यानंच करायचं हाय.”

दोरा, पाकीट, झेरॉक्स, व्यंकटची सही आणि गुरुवारच्या फोनचा फोटो माझ्या दुकानात आहे. प्रत्येकाच्या वीस वीस प्रती काढल्यात. ज्या ज्या वाचनालयाला तुमची ‘सावध राहावे’ गेली, त्या प्रत्येकाला एक संच जाईल. मशिदीत मी स्वतः देऊन येणार आहे. फक्त त्याच्या आधी तुमचं उत्तर जोडायला जागा ठेवली आहे.

‘लाल हातमोजा’चं शेवटचं पान हरवलं, त्याला इलाज नाही. ह्या प्रकरणाचं शेवटचं पान मात्र तुमच्याकडं आहे, ते भरून द्या. ती पंधरा पानं कुठं आहेत? गुलाम रसूल यांच्या नावाची नोटीस कधी उतरते, आणि तिच्या जागी तुमच्या सहीनं काय लागतं?

महिनाअखेरची मुदत तुम्हीच घातली आहे. तीच तुम्हालाही.

उत्तर लेखी पाहिजे. साध्या कागदावर.